डब्ल्यूपी : तारा रंगवलेले एक्स्प्रेस इंजिन आणि ठाण्याचा फलाट

कोपरीकर (ठाणे पूर्व)

ठाणे आणि रेल्वे म्हटले की आपली गाडी १६ एप्रिल १८५३ वर येऊन थांबते आणि पुढे सरकायचे नाव घेत नाही. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, चौदा डबे, चारशे पाहुणे, तोफांची सलामी आणि बोरीबंदरहून सत्तावन्न मिनिटांत गाठलेले ठाणे, हे आपल्या गावात शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, ऐन स्वातंत्र्याच्या वर्षी, जे एक्स्प्रेस इंजिन भारतात आले आणि पुढे पाव शतकाहून अधिक काळ ज्याने देशभरातल्या मेल गाड्या ओढल्या, त्या डब्ल्यूपी वर्गाविषयी मात्र मराठीत सलग लिहिलेले माझ्या वाचनात फारसे आलेले नाही. म्हणून हा धागा काढतो आहे. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज आणि पी म्हणजे पॅसेंजर. पुढे शंकूसारखे निघालेले नाक, त्यावर रंगवलेला चंदेरी तारा आणि मागे कोळसा आणि पाणी वाहणारा लांबलचक डबा, म्हणजे टेंडर, असे ते इंजिन जुन्या छायाचित्रांत सगळ्यांनी पाहिलेले असते.

डब्ल्यूपीची गोष्ट डब्ल्यूपीपासून सुरू करता येत नाही, कारण ती मुळात एका फसलेल्या खरेदीची गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतासाठी ठरवलेल्या ब्रिटिश मानक नमुन्यांतली ४-६-० इंजिने, म्हणजे पुढे चार लहान चाके, मध्ये सहा मोठी आणि मागे काहीच नाही अशी, चांगल्या कोळशावर उत्तम चालत. पण १९२० नंतर खर्च कमी करण्यासाठी हलक्या प्रतीचा, जास्त राखेचा कोळसा वापरायचे ठरले. असा कोळसा जाळायचा तर भट्टीची जाळी रुंद हवी, आणि रुंद भट्टी मोठ्या चाकांच्या मध्ये मावत नसल्याने तिला मागे, स्वतंत्र लहान चाकांवर टेकू द्यावा लागतो. अशा रीतीने ४-६-२ ही रचना आली, जिला जगभर पॅसिफिक म्हणतात. भारतीय मानक म्हणून तिचे तीन नमुने निघाले : हलक्या रुळांसाठी एक्सए, मधल्या वजनाचे एक्सबी आणि जड एक्ससी. कागदावर तिन्ही छान होते, त्यामुळे पुरेशा चाचण्या होण्याआधीच त्यांची शेकड्यांनी मागणी नोंदवली गेली.

वेगात ही इंजिने डावी-उजवीकडे झोला खात. पुढच्या बोगीला, म्हणजे पुढच्या चार लहान चाकांच्या सांगाड्याला, सरळ धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगांमध्ये पुरेसा जोर नव्हता, मागच्या दोन चाकांचीही तीच गत होती, आणि इंजिन व टेंडर यांच्यातला जोड हे झोले शोषून घेण्याऐवजी मोकळे सोडून देई. रूळमार्ग जिथे भक्कम होता तिथे हे चालून गेले, पण पावसाळ्यात खडी बसलेल्या, स्लीपर सैल झालेल्या मार्गावर इंजिनाचा झोला रुळांनाच नागमोडी वळण देई, आणि वाकडा झालेला रूळ मागून येणाऱ्या इंजिनाला आणखी मोठा झोला देई. १७ जुलै १९३७ च्या पहाटे पाटण्याजवळ बिहटा येथे हावड्याकडे जाणारी पंजाब एक्स्प्रेस रुळांवरून घसरली आणि शंभराहून अधिक माणसे गेली. गाडीला एक्सबी इंजिन होते. त्यानंतर या वर्गांवर वेगमर्यादा आल्या आणि १९३८-३९ मध्ये पॅसिफिक लोकोमोटिव्ह कमिटी नेमली गेली. तिचे अध्यक्ष ॲलन माउंट होते, आणि विल्यम स्टॅनियर यांच्यासारखा ब्रिटनमधला पहिल्या फळीचा इंजिन-अभियंता तिच्यात होता. फ्रेंच रेल्वेचे लोकही होते. बोगीच्या स्प्रिंगा कडक करा, टेंडरच्या जोडात घर्षणाने झोला मारा, अशा दुरुस्त्या समितीने सुचवल्या. माझ्या मते त्याहून मोलाचा होता तो खरेदीच्या पद्धतीवर तिने ठेवलेला ठपका : पारखून न घेता एवढी इंजिने घेतलीतच का?

डब्ल्यूपीच्या वेळी हा प्रश्न कोणाला विचारावा लागला नाही. युद्धाच्या काळात रेल्वे बोर्डाने आराखडा तयार केला, अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्याकडून १९४७ मध्ये फक्त १६ इंजिने नमुन्यादाखल मागवली, ७२०० ते ७२१५ असे क्रमांक देऊन ती प्रत्यक्ष मार्गावर चालवून पाहिली, आणि मगच मोठ्या मागण्या काढल्या. शेवटी ही संख्या ७५५ पर्यंत गेली.

आकडे ज्यांना आवडतात त्यांच्यासाठी : दोन सिलिंडर, दोन्ही बाहेरच्या बाजूला, व्यास २०¼ इंच आणि दट्ट्याची फेरी २८ इंच, मोठी चाके ५ फूट ७ इंचांची, बॉयलरमधला दाब चौरस इंचाला २१० पौंड, जाळीचे क्षेत्रफळ ४६ चौरस फूट, एका आसावरचा भार साधारण साडेअठरा टन, टेंडरमध्ये १५ टन कोळसा आणि २५,००० लिटर पाणी. टेंडरसह सगळा ऐवज पावणेदोनशे टनांच्या आसपास.

वाफाळ चहा (नेरूळ)

कोपरीकर, लेख आवडला. एक बाळबोध प्रश्न आहे. आमचे आजोबा जन्मभर नौपाड्यात राहिले आणि 'ताऱ्याचे इंजिन' आपण रोज बघत होतो असे ते ठासून सांगत. मग ठाण्याच्या फलाटावरून डब्ल्यूपी मेल गाड्या घेऊन जात होते असे धरावे का? त्यांच्या सांगण्यातला काळ पन्नास-साठच्या दशकातला आहे.

निवृत्त अभियंता (ऐरोली)

आजोबांचा मान राखून सांगतो, की ठाण्याच्या मुख्य मार्गावरून मेल-एक्स्प्रेस गाड्या डब्ल्यूपीने ओढण्याचे काही कारणच नव्हते. कारण सोपे आहे : डब्ल्यूपी जन्माला आले तेव्हा आपल्याकडे वीज येऊन वीसेक वर्षे झाली होती.

भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी हार्बर मार्गाने धावली, हे बहुतेकांना माहीत असते. पण जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वज कंपनीने, उपनगरी गाड्यांपुरते हे काम ठेवले नव्हते. तिचा खरा डोळा घाटांवर होता. बोरघाट आणि थळघाट या दोन्ही ठिकाणी चढ ३७ ला १ असा, म्हणजे ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर. अशा चढावर वाफेच्या इंजिनाला मागून ढकलायला आणखी इंजिने लागत, बोगद्यांत धूर कोंडे, आणि खंडाळ्याजवळ तर गाडीला थांबून दिशा बदलून पुढे जावे लागे. १९२९ मध्ये नवा मार्ग काढून ते उलटसुलट जाणे बंद झाले, त्याच सुमारास १५०० व्होल्ट डीसीच्या तारा पुण्यापर्यंत पोहोचल्या आणि पाठोपाठ इगतपुरीपर्यंत गेल्या. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन हे त्याच कामाचे फळ आहे.

त्यामुळे ठाण्यावरून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना पुढे ईए/१ नावाची विजेची प्रवासी इंजिने, ज्यांना नंतर डब्ल्यूसीपी-१ म्हटले गेले, आणि मालगाड्यांना ईएफ/१, म्हणजे आपला लाडका 'खेकडा', अशी व्यवस्था होती. पुण्याला किंवा इगतपुरीला विजेचे इंजिन सुटे होई आणि तिथून पुढे कोळशाचे राज्य सुरू होई. डब्ल्यूपी बघायचे तर ठाणेकराला घाट चढून जावे लागे.

मला यात एक गंमत वाटते. देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे वाफेवर आली, त्या ठाण्यात वाफेच्या युगाचे सर्वांत यशस्वी एक्स्प्रेस इंजिन पोहोचलेच नाही, आणि ते ठाणे मागे राहिले म्हणून नव्हे तर पुढे निघून गेले होते म्हणून.

भुसावळवाला (सध्या मुक्काम घणसोली)

इगतपुरीच्या पलीकडचे मी सांगतो, कारण ते आमच्या घरचे आहे. माझे आजोबा भुसावळच्या लोको शेडमध्ये फायरमन होते आणि भुसावळ ते मनमाड हा त्यांचा नेहमीचा टप्पा होता. डब्ल्यूपीवर तीन माणसे असत : ड्रायव्हर, पहिला फायरमन आणि दुसरा फायरमन. यंत्राने कोळसा टाकण्याची सोय या इंजिनाला नव्हती, जे काही जायचे ते फावड्यानेच.

कोपरीकरांनी ४६ चौरस फूट जाळी लिहून सोडून दिली आहे, पण ते क्षेत्रफळ म्हणजे जवळजवळ सात फूट लांब आणि तेवढीच रुंद अशी जळती जमीन आहे हे डोळ्यांसमोर आणा. हलत्या पत्र्यावर उभे राहून, टेंडरकडे वळून फावडे भरायचे, अर्धे वळून भट्टीच्या दारातून ते असे फेकायचे की कोळसा ढिगाने न पडता पातळ थराने पसरावा, आणि मागचे दोन कोपरे, जिथे फावडे सहज पोहोचत नाही, ते कधीच उघडे पडता कामा नयेत. एखाद्या जागी कोळसा जळून भोक पडले की तिथून थंड हवा आत शिरते आणि दाब उतरू लागतो. दुसरा फायरमन टेंडरमध्ये मोठी ढेपळे फोडून पुढे ओढत असे, म्हणजे पहिल्याच्या हाताला कोळसा लागत राहील. आजोबा म्हणत की धुरांड्यातून हलका करडा धूर निघत असेल तर काम बरोबर चालले आहे, काळाकुट्ट निघाला तर कोळसा वाया चालला आहे, आणि अजिबातच निघाला नाही तर हवा फुकट आत जाते आहे.

राखेचे दुखणे वेगळे होते. आपल्या कोळशातली राख वितळून जाळीवर तिच्या चकत्या बसत, त्यांना सगळे क्लिंकर म्हणत. जाळी हलवून किंवा लांब सळईने ते फोडावे लागत, आणि हे काम गाडी थांबलेली असताना, दारासमोर तोंड करून, मे महिन्याच्या खानदेशी उन्हात. शिवाय डोळा सतत पाण्याच्या काचनळीवर. बॉयलरमधले पाणी भट्टीच्या छताखाली गेले तर छताचा पत्रा लाल होतो; त्याच्या आधी शिशाचा बूच वितळून वाफ भट्टीत सुटावी आणि आग विझावी, अशी योजना असते. बूच वितळवून शेडला परतलेल्या फायरमनचे तोंड बघण्यासारखे असे, असे आजोबा हसत सांगत. मात्र त्या शेडमध्ये पुढे त्या माणसाचे काय केले जाई ते सांगताना हसत नसत.

खारेगावकर (कळवा)

सगळे छान चालले आहे, पण थोडे थंड पाणी ओततो. 'एक्स्प्रेस इंजिन' हे बिरुद डब्ल्यूपीला जरा सैल हातानेच दिले जाते असे मला वाटते. जगातल्या नामांकित एक्स्प्रेस पॅसिफिक इंजिनांची मोठी चाके पाहा. ब्रिटनमधल्या ए४ वर्गाची ६ फूट ८ इंच होती आणि त्यातल्या मॅलार्डने ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा विक्रम केला. डब्ल्यूपीची चाके त्याहून १३ इंचांनी लहान. म्हणजे ते वेगाचे इंजिन नसून, चांगले नाक लावलेले सर्वकामी इंजिन होते. ते नाक तरी कशासाठी होते? ताशी ६० मैलांवर हवेचा विरोध असा किती वाचणार?

कोपरीकर

नाकाबद्दल मी तुमच्या बाजूचा आहे. ते देखणेपणासाठी होते, आणि चाळीसच्या दशकात सगळ्या जगाला वाहत्या रेषांचे वेड लागले होते. शेडमधल्या लोकांना ते आवडले हेही तितकेच खरे, कारण तारा चंदेरी ठेवण्यात शेडाशेडांत चुरस लागे.

चाकांबद्दल मात्र हिशेब करून बघू. ५ फूट ७ इंचांच्या चाकाचा परीघ साधारण ५.३५ मीटर येतो. आपल्याकडे त्या काळी मेल गाड्यांची मर्यादा ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर होती. त्या वेगात सेकंदाला पावणेसत्तावीस मीटर कापायचे, म्हणजे चाक सेकंदाला पाच फेरे घेणार. ए४ चे चाक त्याच वेगात सव्वाचार फेरे घेईल. दट्ट्यांना आणि दांड्यांना पाच फेरे झेपतात की नाही, इतकाच प्रश्न उरतो, आणि ते सहज झेपत होते. मोठे चाक लावले असते तर वरचा वेग वाढला असता, पण तो वेग चालवायला ना रूळ तयार होते, ना सिग्नल.

उलट लहान चाकाने काय मिळाले ते पाहा. ओढण्याची ताकद चाकाच्या व्यासाच्या उलट प्रमाणात बदलते. वर दिलेले आकडे नेहमीच्या सूत्रात घातले की सुमारे ३०,६०० पौंड, म्हणजे १३.९ टनांच्या आसपास ओढ येते. चाक ६ फूट ८ इंचांचे केले असते तर याच सिलिंडरांवर आणि याच दाबावर ती २५,६०० पौंडांवर उतरली असती. आपल्या मेल गाड्या लांब, डबे जड, थांबे पुष्कळ. प्रत्येक थांब्यानंतर एवढे वजन पुन्हा हलवायचे असते. ज्या देशात गाडी उशिराने धावते ती बहुधा वेग कमी पडल्यामुळे नव्हे तर थांबून पुन्हा सुटण्यात वेळ गेल्यामुळे, तिथे ५ फूट ७ इंच हा माझ्या मते शहाणपणाचा आकडा होता. एक्स्प्रेस इंजिन कशाला म्हणायचे हे आपापल्या रुळांवर ठरते. १९६४ मध्ये दिल्ली-आग्रा ताज एक्स्प्रेस सुरू झाली तेव्हा तिला डब्ल्यूपीच जोडले गेले, आणि सकाळी निघून संध्याकाळी परत आणणारी ती गाडी त्या वेळी कौतुकाचा विषय होती.

खारेगावकर

हिशेब मान्य. बिरुदाबद्दलचे मत मात्र राखून ठेवतो. ताशी ९६ ची मर्यादा ही इंजिनाची गुणवत्ता ठरत नाही.

सानपाडा लोकल

माझा प्रश्न कारखान्यांबद्दल आहे. चित्तरंजनचा कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, मग डब्ल्यूपी आपल्याकडे लगेच का बनले नाही? परदेशांतून इतकी वर्षे का मागवावी लागली?

निवृत्त अभियंता

ताई, प्रश्न नेमका आहे. चित्तरंजनने १९५० मध्ये पहिले इंजिन बाहेर काढले ते मालगाडीचे, डब्ल्यूजी वर्गाचे, आणि त्याला 'देशबंधू' हे नाव दिले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात देशाची निकड कोळसा, खनिज, सिमेंट आणि धान्य हलवण्याची होती. नव्या कारखान्याने एकाच वेळी दोन वर्ग हातात घेण्याऐवजी आधी एकावर हात बसवणे हे व्यवहाराला धरून होते. मात्र यात डब्ल्यूपीचे काहीच बिघडत नव्हते, कारण डब्ल्यूजीचा बॉयलर डब्ल्यूपीचाच होता. चाके आठ आणि लहान, पुढे दोन चाके, मागे दोन. पण ज्या भागावर सर्वाधिक कौशल्य आणि खर्च लागतो तो समान. म्हणजे चित्तरंजनचे बॉयलर बनवणारे कारागीर डब्ल्यूजीवर काम करता करता डब्ल्यूपीच्या कामाला तयार होतच होते, आणि शेडमध्येही दोन वर्गांसाठी सुट्या भागांचा एकच साठा पुरत होता. एक्स वर्गांच्या काळात असा विचार झाला होता, पण तो या थराला गेला नव्हता. माझ्या दृष्टीने डब्ल्यूपीच्या यशाचे अर्धे श्रेय या सामाईक बॉयलरला आहे.

दरम्यानच्या काळात डब्ल्यूपी जिथून मिळेल तिथून आले. बाल्डविननंतर कॅनडातल्या दोन कारखान्यांनी, मॉन्ट्रियलच्या आणि किंग्स्टनच्या, मोठी संख्या पुरवली. त्यातली काही कोलंबो योजनेखालची मदत होती. पोलंडमधल्या फाब्लोकने आणि व्हिएन्नातल्या फ्लोरिड्सडॉर्फ कारखान्यानेही काही बनवली. एकाच आराखड्यावर अमेरिका, कॅनडा, पोलंड आणि ऑस्ट्रिया यांनी काम केले, आणि तरीही शेडमधल्या माणसाला एकाचा भाग दुसऱ्याला लावता येत असे, हे मला आजही विशेष वाटते. चित्तरंजनने डब्ल्यूपी हाती घेतले ते १९६३ मध्ये आणि १९६७ पर्यंत २५९ इंजिने पुरी केली. मीटरगेजवरचे त्याचे धाकटे भावंड वायपी हेही ४-६-२ च होते. त्याची संख्या ८७१ वर गेली, आणि त्यातली बरीच जमशेदपूरला टेल्कोमध्ये बनली.

सानपाडा लोकल

म्हणजे १९६७ मध्ये आपण नवे कोरे वाफेचे एक्स्प्रेस इंजिन बनवत होतो, तेव्हा ब्रिटनमध्ये वाफ बंद व्हायला एक वर्ष उरले होते! याला काय म्हणावे?

खारेगावकर

याला कालबाह्य म्हणावे. ब्रिटिश रेल्वेने आपले शेवटचे वाफेचे इंजिन १९६० मध्ये बनवले आणि १९६८ च्या ऑगस्टमध्ये नेहमीच्या गाड्यांवरून वाफ काढून टाकली. आपल्याकडे १९६२ पासून डब्ल्यूडीएम-२ डिझेल यायला लागले होते, १९६४ मध्ये वाराणसीचा कारखाना ती बनवू लागला होता, आणि तरीही चित्तरंजनमधून शेवटचे ब्रॉडगेज वाफेचे इंजिन, 'अंतिम सितारा' नावाचे डब्ल्यूजी, १९७० मध्ये बाहेर पडले. ज्या इंजिनाचे आयुष्य चाळीस वर्षे धरायचे, ते पंचवीस वर्षांत मोडीत काढायचे, यात पैसा वाया गेलाच.

निवृत्त अभियंता

पैसा कोणता, हे विचारात घ्यावे लागेल. डिझेल इंजिनासाठी सुटे भाग आणि तेल, दोन्हींना परकीय चलन लागत होते, आणि साठच्या दशकात तेच आपल्याकडे सर्वांत दुर्मीळ होते. कोळसा आपला, पोलाद आपले, कारागीर आपले, आणि फायरमनची नोकरी हजारो घरांचा आधार. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा ज्यांनी डब्ल्यूपी जपून ठेवली होती त्यांचे हात मोकळे होते. तुमचे म्हणणे पूर्णपणे खोडून काढत नाही. १९६५ नंतरच्या मागण्यांबद्दल मलाही शंका आहे. पण १९६३ च्या निर्णयाला मूर्खपणा म्हणायला मी तयार नाही.

डब्ल्यूपी मागे सरकले ते एकदम नव्हे. आधी महत्त्वाच्या गाड्यांवर डिझेल आले. इगतपुरी-भुसावळ पट्ट्यात साठच्या दशकाच्या अखेरीस विजेच्या तारा गेल्या. मग डब्ल्यूपी साध्या पॅसेंजर गाड्यांवर आले. एकेकाळी मेल ओढणारे इंजिन प्रत्येक स्टेशनावर थांबणारी गाडी ओढू लागले आणि तारे रंगवायचे कोणी मनावर घेईनासे झाले. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची वाहतूक ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंधर-फिरोजपूर मार्गावर संपली, पण त्या गाडीला डब्ल्यूपी नव्हते. त्याच्यापेक्षा हलके असलेले डब्ल्यूएल होते.

वाफाळ चहा

काल घरी जुनी कागदपत्रे काढली आणि आजोबांचा प्रश्न सुटला. घर नौपाड्यातच होते, पण नोकरीची मधली सात-आठ वर्षे ते वसईला होते आणि आठवड्यातून एकदाच घरी येत. 'रोज बघत होतो' हे त्या वर्षांबद्दलचे असावे. वसईला हे शक्य होते का?

कोपरीकर

शक्य होते, अगदी नेहमीचे दृश्य होते. पश्चिम रेल्वेच्या मार्गावर उपनगरी वीज १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत पोहोचली, पण ती लोकलपुरती. तिथे ना घाट होता, ना धुराने भरणारे बोगदे, त्यामुळे मेल गाड्यांना विजेचे इंजिन लावण्याची बीबीसीआयला, म्हणजे पश्चिम रेल्वेच्या पूर्वज कंपनीला, निकड वाटली नाही. मुंबई सेंट्रलहून गाडी निघायची तीच वाफेवर, आणि विजेच्या लोकलच्या शेजारून धूर सोडत थेट गुजरातकडे जायची. विरारच्या पुढे २५ हजार व्होल्टच्या तारा आल्या त्या सत्तरच्या दशकात, आणि दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारी डब्ल्यूसीएएम-१ इंजिने त्याच दशकात बनली. तोवर मधली वर्षे वाफेने आणि मग डिझेलने निभावली.

शिवाय वसई, विरार, पालघर, डहाणू हा सारा पट्टा तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. म्हणजे अभियंता साहेबांचे म्हणणे ठाणे स्टेशनापुरते अबाधित राहते, आणि 'ठाण्यात ताऱ्याचे इंजिन पाहिले' हे आजोबांचे म्हणणे जिल्ह्याच्या हिशेबाने खरे ठरते.

सानपाडा लोकल

प्रत्यक्ष बघायचे असेल तर कुठे जावे? दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन दिल्लीला जाणार आहोत.

भुसावळवाला

मग काम सोपे आहे. चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ७२०० क्रमांकाचे इंजिन आहे, म्हणजे बाल्डविनच्या त्या १६ नमुन्यांतले अगदी पहिले. हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये ७१६१ आहे. हे चित्तरंजनचे, नाव 'अकबर', आणि ते वाफेवर चालवलेही जाते. दिल्लीहून रेवाडी एका दिवसात करता येते, पण निघण्यापूर्वी शेड बघायला मिळणार आहे का, याची चौकशी करून घ्या.

मुले नाकापाशीच थांबतील, त्यांना थांबू द्या. तुम्ही मात्र मागच्या बाजूला, ड्रायव्हरच्या खोलीखाली जाऊन मागची दोन लहान चाके आणि त्यांच्यावर दोन्ही बाजूंना पसरलेली भट्टी बघा. मग पुढे येऊन पहिल्या चार चाकांची बोगी बघा. कोपरीकरांनी पहिल्या पोस्टमध्ये एक्सबीचे जे दुखणे सांगितले ते याच दोन जागांचे होते. दिल्लीच्या इंजिनावर चढायला देत असतील तर भट्टीच्या दारातून आत वाकून जाळीचा मागचा कोपराही बघून या.